आवाहन ठळक, हिशेब गायब

गणपती जवळ आले की लोकसत्ताच्या वाचकांना 'सर्वकार्येषु सर्वदा'ची आठवण होते. २०११ पासून हा उपक्रम चालू आहे. दहा संस्था निवडायच्या, रोज एकीची ओळख छापायची आणि वाचकांनी देणगी पाठवायची. धनादेश पेपरच्या नावाने नाही, थेट त्या संस्थेच्या नावाने. पुढे देणगीदारांची नावंही छापून येतात. मला विचाराल तर या उपक्रमाचं बळ या दोन रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींत आहे. पैसा कुठे चाललाय हे देणाऱ्याला माहीत असतं आणि दिल्याची नोंद चारचौघांत राहते.

आता आपल्या तालुक्याकडे या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक फोटो येतो. नळ्या लावलेलं लेकरू, खाली क्यूआर कोड, 'फुल ना फुलाची पाकळी'. लोकल चॅनेलवाले दोन मिनिटांची बाईट लावतात, आईच्या डोळ्यांवर कॅमेरा नेतात, मागे बासरी. पैसे येतात, भरपूर येतात. आपली माणसं कंजूष नाहीत हो. हमाल शंभर टाकतो, मास्तर पाचशे टाकतात.

चेहरा दिसला की हात सुटतो, हे काही आपल्याच गावचं नाही. अमेरिकेत स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या अभ्यासकांचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यातून दान करायला सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दाखवले, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या एका मुलीची माहिती दिली, त्यांनी २.३८ दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही. मला वाटलं होतं ते सगळ्यात जास्त देतील. त्यांनी दिले १.४३! आकडे आले आणि दया आटली.

माध्यमांना हे अभ्यास न वाचताच कळलेलं आहे. २०२१ मध्ये मुंबई-पुण्यात एसएमए झालेल्या बाळांच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे उभे केले, ते याच बळावर. त्याबद्दल आदरच आहे. पण याची दुसरी बाजू बघा. गोड लेकराला मिळतं. आठवड्यातून दोनदा एसटीने डायलिसिसला जाणाऱ्या साठीच्या माणसाचा फोटो कोण फॉरवर्ड करणार? आणि दारूने लिव्हर गेलेल्याचा?

यावर कुणी म्हणेल, जग असंच आहे. नाही. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं तेव्हा त्या पोरांबद्दल कुणाला कणव नव्हती, गर्दुल्ला ही शिवीच होती. ते लेखन पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचलं, मदत देऊ केली, आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. अवचटांनी रडवलं नव्हतं. तो मुलगा तिथवर कसा गेला, बाहेर यायला काय लागतं, हे समजावून सांगितलं होतं. आपल्या बातमीत ते 'समजावणं'च नसतं.

साधी गोष्ट घ्या. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का? आता तिथे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पेशंट धर्मादाय रुग्णालयात आहे का? असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. आवाहन लावण्याआधी हे दोन फोन कुणी करतं का? फार क्वचित. मग जे हक्काचं होतं ते भीक म्हणून मागितलं जातं, आणि रुग्णालयाला कुणी प्रश्नच विचारत नाही. हमालाचे शंभर रुपये जातात ते अशा बिलात, जे कदाचित यायलाच नको होतं.

नंतरचं तर विचारूच नका. ऑपरेशन झालं की नाही? ४ लाख हवे होते आणि ६ जमले, तर वरचे २ कुणाचे? पोरगं घरी येऊन शाळेत जायला लागलं तरी मेसेज फिरतच असतो, आणि वाईट झालं असेल तरीही फिरत असतो. त्या घराला काय वाटत असेल!

हिशेबाचा विषय काढला की आपल्याकडे लगेच ऐकवतात, 'रडणाऱ्या बापाला हिशेब मागता काय?' बापाला नाही मागायचा. तो दवाखान्याच्या जिन्यात झोपलेला असतो. हिशेब मागायचा तो आवाहन लावणाऱ्याला: पेपरला, चॅनेलला, ग्रुप अ‍ॅडमिनला आणि चेक देताना फोटो काढून घेणाऱ्या भाऊ-दादांना. ज्याने पहिली बातमी लावली, त्यानेच दुसरी लावायची. किती जमले, रुग्णालयात किती भरले, उरले ते कुठे ठेवले, क्यूआर कधी बंद केला. चार ओळी पुरतात. क्यूआर कुणा कार्यकर्त्याचा नसावा. नातेवाइकाच्या किंवा थेट रुग्णालयाच्या खात्याचा असावा. आणि संस्था मागत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक आवाहनातच हवा, धर्मादाय कार्यालयात तो तपासता येतो.

या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर तीन आवाहनं फिरताहेत. तिन्ही लावणाऱ्यांना आज सकाळी मेसेज करून या चारच गोष्टी विचारल्या आहेत. त्यांची उत्तरं येतील तशी, घरच्यांना विचारून, रुग्णाचं नाव न घेता इथेच टाकतो. तोवर ज्यांनी ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांनीही विचारा. हळू आवाजात विचारलं तरी चालेल.