वर्ग पडद्यावर, धडा तळ्याकाठी

हौसेने घेतलेला कॅमेरा कपाटात पडून राहतो, हे बहुतेक घरांत घडते. पहिल्या वर्षी मुलांचे वाढदिवस, महाबळेश्वरची सहल, गच्चीवरचा सूर्यास्त असे सारे टिपले जाते. मग त्याच त्या फोटोंचा कंटाळा येतो. 'इथे टिपण्यासारखे आहेच काय?' असे वाटू लागते आणि छंद तिथेच थांबतो.

नोकरीनिमित्त कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिकच जाणवतो. तिथे ना सह्याद्री, ना समुद्रकिनारा. रुंद रस्ते, उंच इमारती आणि 'अ‍ॅक्शन एरिया' असे क्रमांक लावलेले विभाग. अशा वेळी घरबसल्या इंटरनेटवरून चालणाऱ्या निसर्ग छायाचित्रणाच्या कार्यशाळा उपयोगी पडतात. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडणेच बंद झाले, तेव्हा अशा वर्गांची अनेकांना सवय झाली. पण त्यांतून नेमके काय घ्यायचे, हे मात्र कळायला हवे.

गृहपाठ हाच खरा वर्ग

कार्यशाळेत कॅमेऱ्याची बटणे, प्रकाश, चित्राची मांडणी हे सारे शिकवतात. ही माहिती पुस्तकातही मिळते. खरा फायदा होतो तो गृहपाठाचा. 'एकाच झाडाचे सात दिवस सात फोटो घ्या' किंवा 'फक्त पाण्यातली प्रतिबिंबे टिपा' असे सांगितले की मनाला सीमा पडते. सीमा पडली की नजर शोधू लागते. तिसऱ्या दिवशी झाडाच्या सालीवरची मुंगळ्यांची रांग दिसते, पाचव्या दिवशी ढोलीतला पोपट. झाड तेच असते, नजर बदललेली असते.

न्यू टाउनच्या इको पार्कमध्ये असा गृहपाठ उत्तम करता येतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये खुले झालेले हे उद्यान सुमारे ४८० एकरांचे आहे आणि त्यात मोठे तळे आहे. पाण्याकाठी बगळे, पाणकावळे दिसतात. आपल्याकडे विहिरीच्या काठावर, विजेच्या तारेवर दिसणारा खंड्या तिथेही भेटतो. बंगालीत त्याला 'माछरांगा' म्हणतात आणि तो पश्चिम बंगालचा राज्यपक्षी आहे. परक्या गावात असा ओळखीचा चेहरा दिसला की बरे वाटते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोलकात्यात सूर्य लवकर उगवतो. जूनमध्ये मुंबईत सहाच्या सुमारास उजाडते, तर तिथे पाचच्या आतच सूर्य वर येतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने सातला बाहेर पडणाऱ्याला सकाळचा कोवळा, तिरपा प्रकाश मिळत नाही.

साध्या युक्त्या

पक्ष्याचा फोटो उभ्याने, वरून घेऊ नये. खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर घ्यावा. पांढरा बगळा गडद पार्श्वभूमीवर असेल तर कॅमेरा त्याला जास्त उजळ करतो आणि पिसांची नक्षी हरवते. म्हणून प्रकाश थोडा कमी करावा. मोबाइलवरही ही सोय असते. घरट्यातील पिलांजवळ मात्र जाऊ नये. माणसांच्या वर्दळीला भिऊन पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. एका फोटोसाठी ही किंमत फार मोठी आहे.

पुढच्या वर्षी असेलच असे नाही

शरद ऋतूत, दुर्गापूजेच्या आसपास, न्यू टाउनच्या मोकळ्या जागांवर 'काश' नावाचे उंच गवत पांढऱ्या तुऱ्यांनी फुलते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तले काशाचे रान प्रसिद्धच आहे. १९५२ मध्ये त्या प्रसंगाचे थोडे चित्रण करून ते काही दिवसांनी परतले, तेव्हा गुरांनी सारे तुरे खाऊन टाकले होते. उरलेल्या चित्रणासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली.

राय यांना पुढचा हंगाम मिळाला. न्यू टाउनमध्ये आज काश फुललेला भूखंड पुढच्या वर्षी इमारतीचा पाया झालेला असू शकतो. हे शहरच मुळात शेते आणि पाणथळ जागांवर वसले आहे. जवळच असलेल्या पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्राला २००२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांच्या या क्षेत्रात शहराचे सांडपाणी ऊन आणि शेवाळाच्या मदतीने शुद्ध होते आणि त्यावर मासे पोसले जातात. ध्रुबज्योती घोष यांनी या जागेचे मोल जगाला पटवून देण्यात आयुष्य वेचले. म्हणूनच अशा ठिकाणी घेतलेल्या फोटोखाली तारीख आणि जागा अवश्य लिहावी. आज हौस म्हणून टिपलेले चित्र उद्या एखाद्या हरवलेल्या तळ्याचा पुरावा ठरू शकते.

पैसे भरण्यापूर्वी

कार्यशाळेत किती जण असतील, शिक्षक प्रत्येकाचे फोटो पाहून चुका सांगतील का, गृहपाठ मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. नुसतीच वाघ-सिंहांची चित्रे दाखवणाऱ्या वर्गातून कौतुकापलीकडे फारसे हाती लागत नाही. महागडा कॅमेराही लगेच घेऊ नये. सुरुवातीला मोबाइल पुरतो. घरातली मुले आणि आजी-आजोबा यांनाही सोबत घ्यावे. पक्षी आधी दिसतो तो बहुधा मुलांनाच आणि झाडाचे नाव आठवते ते आजीला.

पडद्यावरचा वर्ग दोन तासांत संपतो. त्यानंतर पायात चपला घालून तळ्यापर्यंत जावे लागते, ते मात्र ज्याचे त्यानेच.