पती केवळ धावपळीपुरता?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पत्नीवर होते हे खरे. परंतु त्या दिवसापासून पतीचेही धैर्य खचलेले असते, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते. नागपुरात मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय वा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे विदर्भातून, तसेच मध्य प्रदेश-छत्तीसगडातून रुग्ण येतात. सोबतचा पुरुष हातातल्या फायलीवरून ओळखू येतो. तपासण्यांचे अहवाल, योजनेची कागदपत्रे, रक्ताची सोय, रजेचा अर्ज यांत तो स्वतःला बुडवून घेतो. खाटेशी बसून दोन शब्द बोलणे मात्र त्याला जमत नाही. ते त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की रोगाचे नाव पुष्कळदा तिच्यापासूनच दडवले जाते. दीर, सासरे, भाऊ मिळून निर्णय घेतात. ती फक्त सही वा अंगठा देते. वस्तुतः येथे निवडीला वाव असतो. योग्य रुग्णांत गाठ काढून स्तन राखणे व नंतर किरणोपचार देणे हे संपूर्ण स्तन काढण्याइतकेच जीवरक्षक ठरते, असे इटली व अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाठपुराव्याने 2002 साली दाखवून दिले. भीतीपोटी ‘काढूनच टाका’ म्हणणाऱ्या पतीला हे ठाऊक असते काय? (किरणोपचारासाठी काही आठवडे नागपुरात राहणे परवडेल काय, ही त्याची विवंचनाही खोटी नाही.)

28 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. अध्यक्षांनी त्याच दिवशी चलनवाढीवरील परिषदेत ती वार्ता उघडपणे सांगितली. त्यानंतर तेथील असंख्य स्त्रिया तपासणीस पुढे आल्या. आपल्याकडे शेजाऱ्यांना ‘गाठीचे ऑपरेशन’ एवढेच कळते.

खरी कसोटी घरी लागते. जखमेच्या नळीतून येणारा द्राव रोज मोजून लिहायचा, खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम करून घ्यायचा, त्या बाजूच्या हाताला सूज येऊ नये म्हणून पाण्याची घागर आपण उचलायची. पती जखमेकडे पाहत नाही. तिला संकोच वाटू नये हा त्याचा हेतू. तिला मात्र त्यात किळस दिसते.

शस्त्रक्रियेपूर्वी दोघांना एकत्र बसवून तासभर समजावणे, पहिली पट्टी बदलताना पतीला परिचारिकेजवळ उभे करणे, याला नवी इमारत लागत नाही. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचे पद असते; हे काम त्याच्याकडे सोपवता येईल. महिला कक्षात पुरुषांना ठरावीक वेळेपलीकडे मज्जाव असतो, तो नियम मात्र तेवढ्यापुरता सैल करावा लागेल.