तापलेला पत्रा आणि फादरांचे विद्यार्थी

सपाट पत्र्याच्या मधोमध क्षणभर मेणबत्तीची ज्योत धरली, तर ऊब चहूकडे पसरत जाते. तोच पत्रा चेंडूसारखा गोल असेल तर? मग पसरायला जागा थोडी कमी मिळते आणि सुरुवातीला मूळ ठिपक्यापाशी उष्णता किंचित जास्त रेंगाळते. म्हणजे डोळे मिटून, नुसत्या उष्णतेवरून, पृष्ठभाग किती वाकलेला आहे ते ओळखता येते!

वाकलेपणाची हीच भूमिती आइनस्टाइनने १९१५ मध्ये सापेक्षता सिद्धांतासाठी वापरली. तिच्यावर पॅरिसमध्ये एली कार्तान या थोर गणितज्ञाच्या हाताखाली प्रबंध लिहिणारे एक फ्रेंच धर्मगुरू, फादर चार्ल्स रासीन, १९३७ मध्ये भारतात आले. पुढे मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, लॉयोला कॉलेजात ते गणित शिकवू लागले. नेमलेल्या पुस्तकांपलीकडचे नवे गणित ते मुलांना दाखवीत आणि हुशार मुलांना संशोधनाकडे वळवीत. त्यांचे विद्यार्थी एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री १९५३ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले.

तिथेच पुढे नरसिंहन आणि एस. रामनन यांच्याकडे एक तरुण शिकायला आला. विजयकुमार पटोदी त्याचे नाव, मध्य प्रदेशातल्या गुन्याचा. उष्णतेच्या समीकरणातून वक्रतेची लांबलचक पदे बाहेर पडतात. ती एकमेकांना छेदून शेवटी एक सुटसुटीत सूत्र उरत असावे, असा अंदाज मॅकीन आणि सिंगर या अमेरिकी गणितज्ञांनी १९६७ मध्ये बांधला होता. पण सिद्ध कसे करायचे? पटोदींनी १९७१ मध्ये ते करून दाखवले. जगातले नामवंत गणितज्ञ मायकेल अटिया आणि सिंगर त्यांच्यासोबत काम करू लागले. तिसाव्या वर्षी पटोदी प्राध्यापक झाले.

पण शरीर साथ देत नव्हते. मूत्रपिंडे निकामी झाली होती. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया होण्याआधीच, २१ डिसेंबर १९७६ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१!

अटिया, सिंगर आणि पटोदी या तिघांच्या नावाचे सूत्र आजही भौतिकशास्त्रज्ञ वापरतात. लॉयोलाच्या वर्गात फादरांनी दिलेली ऊब अशी दूरवर पोहोचली आहे.