सुरी स्वस्त चालेल, बोथट नाही!

पोळी-भाजी केंद्र किंवा चायनीजची गाडी सुरू करताय? मग पहिल्याच दिवशी दोन हजारांची इम्पोर्टेड सुरी घेऊ नका. माझं स्पष्ट मत आहे, रफ कामाला साधी स्टेनलेस सुरीच बरी.

महागड्या सुरीचं पोलाद बरेचदा जास्त कडक असतं. धार टिकते, पण हाडावर मारली की कपची उडते. साधं पोलाद थोडं मऊ. धार लवकर जाते, पण दगडावर घासली की परत येते.

घेताना मूठ हलवून बघा, पातं जराही डुगडुगायला नको. मुठीला फटी नकोत, त्यात घाण बसते. लोखंडी सुरी लिंबाने काळी पडते, ओली राहिली की गंजते. गर्दीत ती पुसत कोण बसणार?

वाचलेल्या पैशात धारेचा दगड आणि दुसरी सुरी घ्या. एक भाजीला, एक चिकनला. दुकान उघडण्याआधी रोज धार बघा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोट कापतं. तुमच्या कामगाराच्या बोटापुढे सुरीची किंमत काहीच नाही.