शुद्ध धर्म कोणत्या सालचा?

धर्म मुळात शुद्ध असतो. पुढे अहंकारी माणसे पंथ काढून त्याची शकले करतात, आणि जुन्या श्रद्धांमधून जे आत शिरते ती सगळी भेसळ. जबलपुरातल्या मराठी श्रोत्यांपुढे एका विद्वान वक्त्यांनी हे नुकतेच ठासून सांगितले आणि टाळ्या घेतल्या. वक्त्यांपेक्षा मला टाळ्यांचा राग आला. समोर बसलेल्यांनी पाहुण्यांना भेडाघाट दाखवताना चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या किती वेळा चढल्या असतील!

वर काय दिसते? त्रिपुरीच्या कलचुरींच्या काळातले, दहाव्या शतकातले गोल आवार. भोवतीच्या ओवरीत कोनाडे ८१. नाव मात्र चौसष्टांचेच. मूर्तींच्या बैठकांवर नावे कोरली आहेत. त्यांत पुराणांनी मान्य केलेल्या मातृका आहेत, जाह्नवी आणि यमुना या नद्या आहेत, आणि महिषासुराला मारणाऱ्या देवीखाली दुर्गा नव्हे, ‘तेरंवा’ लिहिले आहे. ज्यांनी ही नावे कोरवली त्यांना लोकांची देवी आणि पोथीतली देवी एका रांगेत बसवताना संकोच वाटला नाही. आज पूजा चालते ती आवारातल्या गौरीशंकराची. योगिनींचा पंथ मागे पडला, त्यांची जागा शिवपार्वतींनी वापरात ठेवली.

शैव म्हणावेत तर तेही एकजिनसी नाहीत. पहिल्या युवराजदेवाने मत्तमयूर परंपरेच्या तपस्व्यांना आश्रय दिला. त्याच घराण्यातल्या अल्हणदेवीने ११५५ च्या भेडाघाट शिलालेखानुसार शिवमंदिर आणि मठ उभारून कारभार सोपवला तो पाशुपत आचार्याकडे. वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख १९५५ साली संपादून ठेवले आहेत. ते उघडले असते तरी वक्त्यांची वाणी अडखळली असती. एका राजघराण्याच्या दोन शतकांत इतक्या परंपरा नांदल्या. यांतली भेसळ कोणती ते त्यांनी बोट ठेवून दाखवावे.

याच मुलखातल्या रूपनाथला तर अशोकाचा लेख आणि महादेव शेजारी आहेत, आणि तिथल्या कुंडांना राम, लक्ष्मण, सीता यांची नावे आहेत.

पंथ म्हणजे फूट, हे जुनेच पालुपद आहे. महानुभाव पंथावरून आम्हा मराठी मंडळींत पूर्वी असाच वाद पेटला होता. चक्रधरांनी वेगळी वाट धरली नसती तर ‘लीळाचरित्र’ कुठून आले असते, असे मी विचारले. उत्तर तेव्हा मिळाले नाही, आजही मिळालेले नाही. आद्य मराठी गद्य ज्यांना हवे आणि पंथ मात्र नको, त्यांच्याशी काय बोलायचे?

माझे म्हणणे साधे आहे. पंथ तोडतो त्याहून अधिक जपतो. जुन्या घरात ज्यांना बसायला जागा मिळत नाही, ती माणसे पंथामुळे परंपरेतच राहतात. पंधराव्या शतकातल्या जैन संत तारणस्वामींनी मूर्तीऐवजी ग्रंथ वेदीवर ठेवले. चैत्यालय ठेवले, तीर्थंकर ठेवले, जैनपण सोडले नाही. त्यांचे जन्मस्थान परंपरेने बिलहरी मानतात, आणि याच बिलहरीत युवराजदेवाच्या राणीने, नोहलेने, पाचशे वर्षे आधी शिवमंदिर बांधले होते. वक्त्यांच्या हिशोबात या गावाचा मूळ शुद्ध धर्म कोणता धरायचा, हे त्यांनी पुढच्या व्याख्यानात सांगावे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.