पाजण्याची बैठक

बाळाला अंगावर पाजताना आईची पाठ, मान आणि खांदे सैल असतील तर बाळाला स्तन तोंडात नीट धरता येतो. आई अवघडून बसली की बाळ स्तनाग्राचे नुसते टोक पकडते, आईला दुखते, दूध पुरेसे निघत नाही आणि दोन दिवसांत घरात ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लागतो. म्हणून स्तनपानाच्या आसनांची चर्चा आईच्या पाठीपासून सुरू व्हायला हवी. या कसोटीवर अंजनगाव सुर्जीच्या घरात भिंतीला टेकून, मांडी घालून पाजणारी बाळंतीण न्यू जर्सीच्या मऊ सोफ्यात रुतून बसलेल्या आईपेक्षा सरस ठरते. मात्र त्या बैठकीसोबत माहेरहून येणाऱ्या सगळ्याच सूचना तितक्या पक्क्या नाहीत.

अंजनगाव हा सातपुड्याच्या पायथ्याचा, पानमळ्यांचा आणि पानपिंपरीचा तालुका. बाळंतिणीच्या काढ्यात पिंपळमूळ, ताटात डिंकाचे नि मेथीचे लाडू, जेवणावर विडा. सव्वा महिना घराचे सारे लक्ष तिच्या खाण्याकडे असते. बाळंतिणीला पोटभर मिळते ही त्यातली चांगली बाजू. पण दूध लाडवांच्या संख्येवर ठरत नाही. बाळ जितक्या वेळा आणि जितके नीट ओढून स्तन रिकामा करते, तितके ते तयार होते. सुरुवातीच्या आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. एका वेळेला वीस ते तीस मिनिटे धरली, तर बाळंतीण रोज जवळपास तीन ते सहा तास एकाच बैठकीत काढते. लाडवात तूप किती घालायचे यावर घरात जेवढा खल होतो, त्याच्या निम्माही तिच्या कमरेमागच्या उशीवर होत नाही.

पकड कशी हवी, हे बाहेरून दिसते. बाळाचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असतात, त्याचे पोट आईच्या पोटाला लागलेले असते आणि नाक स्तनाग्रासमोर असते. बाळाने जांभई देताना उघडावे तसे तोंड मोठे उघडले की त्याला झटकन जवळ घ्यावे. आईने पुढे वाकून स्तन त्याच्या तोंडात देऊ नये. हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, गाल फुगीर राहतात आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसतो. काही वेळाने गिळल्याचा हलका आवाज येतो. बाळाचे डोके मागून दाबण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती सर्वत्र चुकीची आहे: डोक्यावर दाब आला की बाळ उलट मान मागे फेकते. आधार मानेला आणि खांद्यांना द्यावा. नाक दबू नये म्हणून दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरण्याची रीतही सोडण्याजोगी आहे. ती बोटे नेमकी बाळाच्या ओठांच्या वाटेत येतात. नाक दबतेसे वाटले तर बाळाचे ढुंगण आईकडे ओढावे. डोके आपोआप किंचित मागे जाते आणि नाक मोकळे होते.

या तत्त्वावर आसने अनेक होतात. ज्या बाजूला पाजायचे त्याच बाजूच्या हातावर बाळ घेणे ही सर्वांच्या ओळखीची पाळणा-पकड. बाळ दीडदोन महिन्यांचे झाले की ती सोपी जाते. पहिल्या दिवसांत विरुद्ध हाताची पकड बरी, कारण बाळाची मान आईच्या तळहातात राहते आणि दुसरा हात स्तनाला आधार द्यायला मोकळा असतो. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या पकडीचे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत. परदेशातल्या सुनेने आणि अंजनगावच्या सासूने ते एकत्र बसून पाहावेत. बाळाला काखेखाली घेऊन पाय मागे सोडणारी बगलेतली पकड सिझेरियनच्या टाक्यांवर भार येऊ देत नाही. जुळ्यांना एकाच वेळी पाजायलाही तीच कामी येते. मागे रेलून बाळाला छातीवर पालथे घेण्याच्या पद्धतीचा सुईण आणि संशोधक सुझान कोलसन यांनी अभ्यास केला. तीत बाळ स्वतःच स्तन शोधते, आणि ज्या आईला दूध जोरात येते तिच्या बाळाला ठसका कमी लागतो.

सगळ्यात जास्त वाद कुशीवर झोपून पाजण्याचा. ‘आडवे पाजू नये, दूध कानात जाते, कान फुटतो’ हे वऱ्हाडात आणि वऱ्हाडाबाहेरही बाळंतिणीला बजावले जाते. ही भीती उताण्या बाळाच्या तोंडात बाटली देण्याबाबत काही अंशी खरी आहे. अंगावर पिणारे बाळ मात्र उताणे नसते, ते आईकडे तोंड करून कुशीवर असते. शिवाय अंगावर पिणाऱ्या मुलांना मध्यकर्णाचे संसर्ग कमीच होतात. सिझेरियन झालेल्या, टाके दुखणाऱ्या, रात्री चौथ्यांदा उठलेल्या बाईला हे एक आसन नाकारणे म्हणजे तिच्याकडून विनाकारण त्याग मागणे होय. पाठीमागे उशी, गुडघ्यांत उशी, बाळाच्या पाठीला गुंडाळलेला टॉवेल, आणि पाजून झाल्यावर टॉवेल काढून बाळाला उताणे झोपवणे, एवढी शिस्त पुरते.

चीक काढून टाकणे, मध किंवा घुटी चाटवणे आणि उन्हाळ्यात पाणी पाजणे या तीन रूढींना मात्र मुळीच जागा नाही. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसवर जातो, तेव्हा आजीचा जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे. पण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. तहान लागते ती आईला. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी हवा.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची अडचण वेगळी आहे. वावरात धुऱ्यावर, झाडाच्या बुंध्याला टेकून, लेकरू मांडीवर उभे धरून ती पाजते. मान सावरणाऱ्या बाळासाठी हे आसन उत्तम आहे; कमी पडते ती सुट्टी, आणि त्यावर कोणतीही पकड उपाय नाही. अशा घरापर्यंत पोहोचते ती आशा सेविका. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर तिच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याच्या या पद्धतीचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घातला.

परदेशी घरात भिंत असते, पण तिला टेकून जमिनीवर बसायची लाज वाटते. ती सोडावी. सोफ्यावर पाजता पाजता आईला डोळा लागणे हा लहान बाळांच्या आकस्मिक मृत्यूमागचा ओळखीचा धोका आहे. गाद्यांच्या फटीत बाळाचा श्वास कोंडतो. झोप येण्याची शक्यता असेल तर सोफा किंवा आरामखुर्चीपेक्षा उशा-पांघरुणे दूर केलेला कडक बिछाना कमी धोक्याचा. पदर किंवा ओढणीने बाळाला पूर्ण झाकणेही पहिल्या आठवड्यांत टाळावे, कारण बाळाचे तोंड दिसल्याशिवाय पकड तपासता येत नाही. अमेरिकेच्या सर्व राज्यांत आणि ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कायद्याचे संरक्षण आहे. आडकाठी राहते ती तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, जिथे बाळंतिणीला कोपऱ्यातली एक पाठ असलेली खुर्चीही मिळत नाही.

पहिल्या काही क्षणांपलीकडे दुखत राहिले, स्तनाग्राला चिरा पडल्या, पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले करू लागले किंवा दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत आले नाही, तर आसन बदलून पाहण्यात वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी. अंजनगावात त्यासाठी ग्रामीण रुग्णालय आणि पुढे अमरावतीचे ‘डफरीन’ स्त्री रुग्णालय आहे. परदेशात स्तनपान सल्लागार, सुईण किंवा बालरोगतज्ज्ञ.