टोपी घालण्याआधी

दुपारचे तीन, मे महिना आणि तोही परभणीचा. जिंतूर रोडवरच्या टायरच्या एका दुकानात शटर अर्धे ओढून आम्ही ताक पीत बसलो होतो. बाहेर सावलीत एमएच 22 पासिंगची पांढरी हॅचबॅक जॅकवर चढवलेली होती. चारही चाके नवी कोरी, काळी, मधोमध खोलगट, पाच काड्यांची. मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला पोरगा आत ओरडला, “मालक, मागच्या टोप्या बसनात!”

मालकाने मान न वळवता सांगितले, “फेविक्विक लाव.”

हे संपादकीय त्या दोन शब्दांबद्दल आहे.

कॅटलॉगमध्ये जिला सेंटर कॅप म्हणतात तिला त्या दुकानात सगळे टोपीच म्हणत होते. शब्द मला आवडला. आपल्या भाषेत गिऱ्हाइकाला टोपी घालणे याचा दुसराही एक अर्थ आहे, तो मी इथे समजावून सांगायला नको. आपल्या दुकानांत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात, आणि बहुतेकदा तसे करायचा कुणाचा हेतूही नसतो.

गिऱ्हाईक होता मानवतचा, पंचविशीतला. चाके त्याने बाहेरगावाहून घेतली होती आणि टोप्या वेगळ्या मागवल्या होत्या. “पुढच्या दोन गेल्या न चुकता, मागच्या दोन दोनदा पडल्या,” तो म्हणाला. एक गाडी धुताना उडाली, दुसरी कुठे गेली ते त्यालाही कळले नाही. शिवाय त्याची आणखी एक तक्रार होती. नव्वदच्या पुढे गेले की स्टिअरिंग थरथरते. दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून झाले, पैसे गेले, थरथर आहे तिथेच. टोपीची तक्रार आणि थरथरीची तक्रार त्याने दोन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितली. आपणही दुकानात त्या दोन वेगवेगळ्या बिलांत लिहितो.

दुकानात कामाला एक चाचा आहेत. चाळीस वर्षे टायर काढण्यात गेली. मालक फेविक्विकचे बोलले तेव्हा चाचा उठले, बाहेर गेले आणि कुंपणाच्या कडेची मूठभर काळी माती पाण्यात कालवून घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घेतला, त्यात मातीचा सुपारीएवढा गोळा गुंडाळला आणि मागच्या चाकाच्या भोकात, ड्रमवरच्या ग्रीसच्या वाटीच्या डोक्यावर ठेवला. टोपी वरून तळव्याने दाबली, जाईल तितकी, आणि काढली. गोळ्याची मधोमध पार चाळण झाली होती. पिशवीचे प्लास्टिक तेवढे शिल्लक. मग तेच पुढच्या चाकावर. तिथे माती भाकरीएवढी जाड राहिली.

“ठोकून काय व्हायलंय? आत लोखंड उभं आहे,” चाचा म्हणाले.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात यालाच क्लिअरन्स तपासणे म्हणतात. मग मी गाडीतून व्हर्नियर आणला. टोपीच्या बैठकीवर स्टीलची पट्टी आडवी धरली. ग्रीसच्या वाटीचे डोके पट्टीच्या 3 मिलिमीटर वर येत होते. चपटी टोपी तिथे बसणे शक्यच नव्हते. तिच्या कड्या खाचेपर्यंत पोचतच नव्हत्या; ती इतके दिवस नुसती अडकून होती. पुढे ड्राइव्ह शाफ्टचा नट खोल बसलेला असतो म्हणून पुढच्या टोप्या निमूट गेल्या. तिथे जी चपटी टोपी चालली, तीच मागेही चालेल असे धरून टोप्यांचा सेट विकला जातो. पोकळ, उंच पाठीची टोपी वेगळी मागवावी लागते हे विकणारा सांगत नाही, कारण त्याने मागचा ड्रम पाहिलेलाच नसतो.

एक पळवाट आहे, ती बरेच जण वापरतात. चाकामागे 5 मिलिमीटरचा स्पेसर टाकायचा. चाक बाहेर सरकते, वाटी आत जाते, टोपी टक्कन बसते. गिऱ्हाईक खूश. पण सुझुकीच्या गाड्यांचा स्टड 12 मिलिमीटर जाडीचा आणि 1.25 च्या आट्यांचा असतो. म्हणजे 5 मिलिमीटरचा स्पेसर नटाचे बरोबर चार आटे खातो. शिवाय हबच्या ज्या ओठावर चाक केंद्रात बसते तो ओठ स्पेसरच्या जाडीतच संपतो. टोपीसाठी नटाचे चार आटे देणारा माणूस माझ्या मते मेस्त्री नाही, शिंपी आहे. आणि शिंपीसुद्धा आधी माप घेतो.

आता खरी गोष्ट, पुढच्या चाकावर गोळा ठेवण्याआधीची. पुढच्या टोप्यांना आधीच कुणीतरी गोंद लावून ठेवला होता. चाचांनी त्या समोरून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला नकार दिला. काळ्या रंगावर एक ओरखडा उठला की ते चाक आयुष्यभर जुने दिसते. चाक उतरवा, मागून लाकडी दांड्याने हळूच ढकला, हा त्यांचा नियम. म्हणून चाक उतरवले, आणि चाक मागून पाहिले तर हब रिंग नव्हती. चाकाचे मधले भोक 73.1 मिलिमीटर, स्विफ्टसारख्या गाडीचा हब 54.1. दोन्हींत 19 मिलिमीटरचा फरक, सगळ्या बाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची मोकळी जागा. चाक चार नटांच्या भरवशावर लटकलेले. कोनाच्या नटांनी चाक बऱ्यापैकी मध्यावर येते, हे खरे. पण गाडी जमिनीवर उतरवून, एअर गनने एकामागून एक शेजारचे नट आवळले तर ते मध्यावर यायचे राहून जाते. बॅलन्सिंग मशिनवर तेच चाक कोनात धरलेले असते, म्हणून तिथे काटा शून्यावर. गाडीवर चढले की केंद्र सरकलेले. दोन ठिकाणी बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नव्हती ती यामुळे.

टोपी चिकटवलेली होती म्हणून इतके दिवस कुणी आत पाहिले नाही.

मी मुद्दाम सांगतो की रिंग गाडीचे वजन उचलत नाही. वजन नटांच्या दाबाने, चाक आणि हबच्या चेहऱ्यांतल्या घर्षणाने पेलले जाते. रिंगचे काम नट आवळेपर्यंत चाक मध्यावर धरून ठेवण्याचे. प्लास्टिकची चालते की ॲल्युमिनियमचीच हवी यावर आपल्याकडे उगाच हमरीतुमरी होते. छोट्या गाडीला प्लास्टिकची चांगली; ती हबच्या गंजाला चिकटून बसत नाही. घाट उतरणाऱ्या जड गाडीच्या ब्रेकजवळ मात्र मी ॲल्युमिनियमची घालीन. पण कोणतीही असो, असायला हवी. शंभर-दोनशे रुपयांची ती चकती विसरून टोप्यांवर दुप्पट खर्च झाला होता.

टोपीच्या मापांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण फोनवरून ऑर्डर देताना आपण फक्त एक आकडा सांगतो. “साठची पाठवा.” साठ हे बाहेरच्या कडेचे माप. टोपी ज्यावर धरून राहते ते माप मागच्या कड्यांचे असते, आणि 60 च्या टोपीला ते 56 असू शकते, 58 असू शकते. तिसरे माप कडेपासून कडीच्या आकड्यापर्यंतच्या खोलीचे. खाच खोल असेल आणि कडी आखूड, तर टोपी बसल्यासारखी वाटते आणि गचक्याला सुटते. चौथे माप ते मातीच्या गोळ्याचे. कड्यांच्या आत गोल तारेचे कडे असते; ते कड्यांना बाहेर ताणून धरते. दुकानात फरशीवर सांडलेली ती तार कचरा समजून झाडली जाते. तार नसलेली टोपी पहिल्या दिवशी बसते आणि पहिल्या उन्हाळ्यात ढिली होते. एबीएस प्लास्टिकची कडी ताणलेली राहून तापली की हळूहळू तसाच आकार धरते. परभणीत पारा 44 च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचे काळे चाक किती तापते ते हात लावून पाहा, पण जपून.

काळ्या मातीचेही असेच. पावसाळ्यात पाथरी-सोनपेठकडच्या शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या चाकात मागून चिखल भरतो, वाळून विटेसारखा होतो. वॉशिंग सेंटरवर पोरगा प्रेशरचा फवारा आतून मारतो आणि पाण्याचा झोत टोपीच्या पाठीवर बसतो. धुण्याच्या जागेवर सापडणाऱ्या टोप्यांचे कारण बहुधा हेच. गिऱ्हाइकाला टोपी देताना एवढे वाक्य सांगावे: धुताना झोत बाजूने, टोपीवर सरळ नको.

रंगवलेल्या चाकांचा किस्सा उलटा. आता जुन्या मॅकव्हीलला पावडर कोटिंग करून देणारे जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत. पावडरचा थर 60 ते 100 मायक्रॉनचा; भोकाच्या दोन्ही बाजूंनी धरला तर व्यास जवळपास 0.2 मिलिमीटरने कमी होतो. मूळ टोपी मग जात नाही, पोरगा रबरी हातोडा घेतो, कडी मोडते. रंगाआधी टोपीच्या बैठकीवर आणि नटाच्या कोनावर टेप लावायला सांगा. नटाच्या कोनावरचा रंग तर धोक्याचाच; तो दबतो, झिजतो, आणि आवळलेला नट आठवड्याभरात ढिला होतो. (मॅकव्हील हा शब्द मॅग्नेशियमवरून आला, जुन्या शर्यतीच्या गाड्यांची चाके त्या धातूची असत. आज आपण विकतो ती ॲल्युमिनियमची. शब्द मात्र चिकटला, कुठल्याही गोंदाशिवाय.)

जीप-बोलेरोच्या जातीच्या गाड्या आपल्याकडे भरपूर, आणि त्यांना रुंद स्पोर्ट चाके घालायची हौसही. जुन्या जीपपासून चालत आलेले 139.7 मिलिमीटरवरचे पाच नट, आणि मधोमध बाहेर डोकावणारा जाडजूड हब. तिथे बंद टोपीचा हट्ट धरू नये. उघड्या तोंडाची कडी घालावी आणि हब दिसू द्यावा. मागणी असेल तर उंच पाठीची, स्क्रूने बसणारी टोपी द्यावी. पण चिकटवू नये. टेपर बेअरिंगच्या हबवर ग्रीस बाहेर येतेय का, नट सैल झालाय का, हे त्याच भोकातून बघायचे असते.

आता एका वेगळ्या टोपीविषयी. “जगात जर्मनी, भारतात परभणी” ही म्हण आपण हौसेने सांगतो. त्या जर्मनीत शिल्टाख नावाच्या छोट्या गावात 1970 साली बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोघांनी कारखाना काढला. दोघांची आणि गावाची आद्याक्षरे मिळून बीबीएस. शर्यतीच्या जगात मोठे नाव, तरी कारखान्यावर दिवाळखोरीची पाळी एकदा नव्हे, अनेकदा आली. आज त्या तीन अक्षरांच्या टोप्या बाजारात किलोने मिळतात आणि कुठल्याही चाकावर लागतात. मध्यभागी एकच मोठा नट असल्याचे सोंग करणाऱ्या टोप्याही तशाच. पोर्शच्या जीटी3 गाडीवर तो नट खरा असतो, 600 न्यूटन-मीटरला आवळावा लागतो आणि डावी-उजवी बाजू चुकू नये म्हणून लाल-निळ्या रंगाचा असतो. आपली टोपी प्लास्टिकची आणि आत चार नट आहेतच. सोंगाची टोपी मी हसून सोडून देईन. हौसेला मोल नसते. पण खोट्या नाममुद्रेची टोपी विकणे हा 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान 50 हजारांचा दंड आहे. गिऱ्हाईक म्हणतो “लोगोवाली द्या”, आणि काउंटरमागे आपण उभे असतो. साधी काळी टोपी ठेवा. चार महिन्यांनी त्यालाही तीच बरी दिसते.

मालकांचा बचावही नोंदवतो, तो खोटा नाही. “एका टोपीसाठी अर्धा तास व्हर्नियर घेऊन बसलो तर पंक्चरची रांग कोण काढणार?” ते म्हणाले. अर्धा तास लागत नाही. चाक उतरलेलेच असते तेव्हा हबचे माप, चाकाच्या भोकाचे माप आणि वाटीची उंची ही तीन मापे दोन मिनिटांची. नंतर गोंद खरवडण्यात, चाक पुन्हा उतरवण्यात आणि गिऱ्हाइकाची बोलणी ऐकण्यात जातो तो वेळ मात्र कुठल्याच बिलात येत नाही. त्या दिवशी त्यांनी रिंगा नांदेडहून मागवल्या, मागच्या चाकांना टोपीशिवायच पाठवले, आणि बिलावर “टोपी नंतर” असे लिहून दिले. गिऱ्हाईक जरा हिरमुसला. चार दिवसांनी रिंगा बसल्या, तेव्हा तो वसमतपर्यंत गाडी पळवून आला आणि थरथरीबद्दल काही बोलला नाही. टोप्यांबद्दल मात्र विचारले.

या अंकापासून शेवटच्या पानावर एक तक्ता सुरू करत आहोत. गाडी, वर्ष, पुढचे की मागचे चाक, बाहेरच्या चाकाचा ऑफसेट, आणि टोपीच्या बैठकीपासून वाटी किंवा नट किती वर अथवा खाली. मापे तुम्ही पाठवायची, आम्ही छापायची. पट्टी आणि व्हर्नियरने घेतलेली असावीत. व्हर्नियर नसेल तर मातीच्या गोळ्याची जाडी कळवा, तीही चालेल, तसे लिहा म्हणजे झाले. पहिली नोंद आम्हीच केली आहे: हॅचबॅक, मागचे चाक, ड्रम, वाटी 3 मिलिमीटर वर, चपटी टोपी बसत नाही.